दुसऱ्या टप्प्याचं पाणी

सकाळी सुमनबाई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. घरात जेवढं म्हणून भांडं होतं तेवढं पाण्यानं भरलेलं होतं. पातेली, कुकर, पिठाची परात, लेकीच्या, लुंबिनीच्या लग्नात आलेला आणि माळ्यावरून कधी खाली न उतरलेला पितळी हंडा, दुधाची किटली, आणि ओट्यावर ओळीनं पेले, पेल्यांपुढं वाट्या. वाट्यासुद्धा काठोकाठ. खिडकीतून ऊन येत होतं आणि एवढ्या सगळ्या पाण्यांवरून उसळून छतावर थरथरत होतं. त्या थरथरत्या उजेडाखाली तिची धाकटी जाऊ महामाया पदर खोचून उभी होती. मानेला दवाखान्यातला पांढरा पट्टा असल्यामुळं तिला खाली बघता येत नव्हतं. हाताच्या अंदाजानं तिनं मिठाची रिकामी बरणी नळाखाली धरली होती आणि पाण्याच्या आवाजावरून बरणी कुठवर भरली ते ओळखत होती.

“काकू, हे काय करून राहिलीस?” लुंबिनी मागून येऊन म्हणाली.

“पानी आलतं. भरलं.”

“अगं, इथं येतच असतं. रात्रंदिवस. आपण बंद करायचं, बस.”

“आसंल. त्याचा काय भरोसा.”

“चमचे तेवढे राहिले बघ.”

“ते बी भरले आसते. उभे ऱ्हात न्हाईत.”

लुंबिनी हसत सुटली. तिला ड्युटीवर जायची घाई होती, डब्यासाठी भाजी टाकायची होती, म्हणून तिनं हाताशी आलेलं एक पातेलं उचललं आणि मोरीत ओतायला वाकली. “सांडू नको,” दोघी जावा एकदम म्हणाल्या. एकाच आवाजात, एकाच घाईनं. लुंबिनी पातेलं हातात धरून दोघींकडं बघत राहिली. मग महामायेनं बरणीचं झाकण शोधायला घेतलं आणि सुमनबाई दारातून मागं सरकून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. तिला दम लागला होता. चालून लागतो तसा नव्हे, डोक्यावर भरलेली घागर घेऊन चढ चढताना लागायचा तसा. कित्येक वर्षांत तिनं घागर उचलली नव्हती.

महामाया नांदेडला लुंबिनीच्या घरी आली होती ती मान दाखवायला. हाताला मुंग्या येतात, रात्री कुशीवर झोपता येत नाही, असं फोनवर कुणीतरी सांगितलं आणि लुंबिनीनंच तिला बोलावून घेतलं. लुंबिनी दवाखान्यात नर्स, त्यामुळं ताटकळावं लागलं नाही. डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं काळा फोटो उजेडाला धरला आणि मानेचे मणके एकमेकांवर कसे घासून बसलेत ते पेनानं दाखवलं. “आजी, डोक्यावर काय वाहिलं एवढं?” त्यानं विचारलं. महामाया म्हणाली, “पानी. दुसरं काय वाहत्यात? सोनं आसतं तर मान मोडली तरी चाललं आसतं.” डॉक्टर हसला, लुंबिनी हसली. सुमनबाई मात्र जावेच्या तोंडाकडं बघत होती. आता ही आपल्याकडं बघंल, असं तिला वाटत होतं. बघावं असंही वाटत होतं. महामायेनं बघितलं नाही. तेव्हा पट्टा अजून बांधला नव्हता, मान फिरवता येत होती.

आज दुपारच्या उदगीरच्या बसनं ती परत जाणार होती. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या त्यांच्या तालुक्याच्या गावी. बस निघायच्या आत एक जुनं बोलणं व्हायला पाहिजे, असं सुमनबाईनं आल्या दिवसापासून ठरवलं होतं आणि आल्या दिवसापासून ते राहून जात होतं. तिला माफी नको होती. माफी मागायची तर आधी कुणी बोल लावायला पाहिजे, आणि तिला कुणीच बोल लावला नव्हता. गावच्या वस्तीतलं एकही माणूस आजवर तोंडावर काही बोललं नव्हतं. जयंतीला गेलं की अजून खुर्ची मिळते, अजून पोरं ‘अध्यक्षाबाई’ म्हणून पाया पडतात, आणि त्याच पोरांच्या आया तिथूनच घागरी घेऊन पेठेच्या नळाकडं जाताना दिसतात. जाता जाता हसतात. ते हसणं खरं असतं, त्यात टोमणा नसतो, आणि म्हणूनच ते तिच्या छातीत रुतून बसतं. तिला वाटायचं, एकदा कुणीतरी शिवी हासडावी. आणि ती शिवी महामायेच्या तोंडून यावी, कारण त्या दिवशी विहारात जिचे ओठ हलले नव्हते ती एकटी महामायाच होती.

दोघी एकाच घरात सून म्हणून आल्या, दोन वर्षांच्या अंतरानं. वस्तीपासून विहीर लांब, मळ्यातली, दुसऱ्याची. मालकाचं मोटेचं काम आटोपलं की बायकांना भरू द्यायचे. पहाटे दोघी जोडीनं निघायच्या, एकीमागं एक, बांधावरून. त्या वाटेवर दोघींचं सगळं आयुष्य ठरलं. कुणाला पहिलं सांगायचं दिवस गेलेत म्हणून, सासूला औषध कुठलं द्यायचं, लुंबिनीला शाळेतून काढायचं की ठेवायचं. महामाया म्हणाली ठेव, म्हणून ठेवली. पुढं वस्तीत प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा सुमनबाई पोरीचीच पाटी घेऊन जाऊन बसायची. केस पांढरे व्हायला लागले होते आणि ती ‘क’ला पाय काढायला शिकत होती. महामाया आली नाही. “तू शिक. तुला आलं म्हंजी मला आलं,” असं तिनं विहिरीच्या वाटेवर सांगून टाकलं. तेव्हापासून बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, पोरांच्या मार्कांचे कागद, सगळं सुमनबाई वाचायची आणि महामाया ऐकायची. विहारात वंदना सांगायला मात्र महामाया पुढं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पालीचा एकेक शब्द तिच्या तोंडातून धुतल्यासारखा यायचा. तिचा आवाज निघाला की पोरं रडायची थांबायची. आणि गावाचं नगराध्यक्षपद जनतेतून, तेही आपल्या समाजाच्या बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा पण पहिलं बोलणं त्याच वाटेवर झालं. नवरा व्यंकटी शाळेत शिपाई होता, तो त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. विचारायचं तर कुणाला? महामाया पुढं चालत होती. मागं न बघताच म्हणाली, “ऱ्हा उभी. निदान पानी तरी आनशील.”

गावानं तिला भरभरून मतं दिली. पण सभागृहात तिच्या बाजूचे सदस्य बोटावर मोजण्याएवढे. बाकी सगळे अमृतरावांच्या गटाचे. अमृतराव आडत व्यापारी, बोलायला मऊ. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. तिनं दारोदार फिरून पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे आणि बायकांसाठी संडास एवढंच मागितलं होतं, एवढंच द्यायचं कबूल केलं होतं. पहिल्या सभेत तिनं विषय वाचून दाखवला, अक्षरावर बोट ठेवून, कारण तिला तसंच वाचता यायचं. सगळे गप्प बसून ऐकत होते. शेवटी अमृतराव म्हणाले, “अध्यक्षाबाईंचा इषय लई चांगला हाय. चांगल्या इषयाला घाई करू न्हाई. फुडच्या सभेत बघू.” माना डोलल्या, चहा आला, विषय तहकूब झाला. पुढच्या सभेत तेच, त्याच्या पुढच्या सभेत तेच. त्या मोठ्या फिरत्या खुर्चीच्या कडेवर ती बसायची, मागं टेकली की पाय अधांतरी व्हायचे. हे लोक तिला ‘न्हाई’ म्हणत नव्हते आणि काही होऊही देत नव्हते.

मग तिच्या ध्यानात आलं की सभागृहात कुणीच कशाला हो म्हणत नाही. तिथं आधी कुठंतरी म्हटलेलं हो फक्त लिहिलं जातं. तेव्हापासून ती माणसं धरायला लागली, आणि प्रत्येकाला अशा ठिकाणी गाठायची की तिथं त्याला नाही म्हणता येऊ नये. हे तिचं तिनंच शोधलं होतं. अमृतरावांना तिनं बाजाराच्या दिवशी भर आडतीत गाठलं. सोयाबीनच्या पोत्यांवर शेतकरी बसलेले, काटा चालू. ती उभ्यानंच म्हणाली, “दादा, गावाला पानी कुनी आनलं म्हणल्यावर तुमचंच नाव निघंल. म्या काय, सही करनारी.” सगळे अमृतरावांच्या तोंडाकडं बघायला लागले. ते हसून म्हणाले, “आमचा इरोध कव्हा व्हता, बाई? तुमाला कुनी सांगितलं?” किराणा दुकानदार वीरण्णा, त्याच्या शब्दावर पेठेतले सदस्य चालायचे, त्याला तिनं सोमवारी मठाच्या पायरीवर गाठलं. तो कपाळावर भस्म लावून बाहेर आला आणि तिला बघून दचकला. “बर्री, बर्री अध्यक्षाबाई, कुंद्री,” असं कानडीत म्हणत त्यानं स्वतःचं उपरणं पायरीवर अंथरून बसायला जागा केली. स्वामींच्या दारात बसून त्याला आडवंतिडवं बोलवेना. “आमच्या पेठंत पयला नळ,” एवढंच म्हणाला, “मंग आमी तुमच्या मागं.” आणि विठाबाई. निवडून आलेली सदस्य ती, पण सभेला तिचा मुलगा बसायचा आणि ती घरी सही करायची. सुमनबाई तिच्या मागच्या दारानं गेली, चुलीपाशी बसली. विठाबाई भाकरी थापत होती. “विठाबाई, तुमी एवढ्या मोठ्या घरच्या. तुमाला बी भाईर जायला अंधार पडायची वाट बगावी लागती का वो?” विठाबाईचा हात भाकरीवर थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. पण पुढच्या सभेला ती स्वतः आली, मुलाच्या शेजारी बसली आणि मुलगा बघत असताना तिनं हात वर केला. त्या दिवशी सुमनबाई घरी येऊन रडली. असं सुख तिला कधी झालं नव्हतं. माणसाचा हात वर होताना बघणं, आणि तो आपल्यामुळं वर झालेला असणं, याची तिला चटक लागली.

कितीदा तिनं मनाशी हे फिरवून फिरवून बघितलं होतं. नेमकं कुठं चुकलं? अमृतरावांनी सगळं कबूल केलं आणि मग हळूच सांगितलं की गावाबाहेर त्यांनी नवे प्लॉट पाडलेत, लाइन तिथवर जायला पाहिजे. तिथं एक घर नव्हतं. पांढरे रंगवलेले दगड, बाभळी आणि एक पाटी. लाइन तिथवर नेली तर पैसा पुरत नव्हता, गावातला एखादा भाग मागं ठेवावा लागणार होता. तिच्या केबिनमध्येच बसले होते सगळे. अमृतराव बशीत चहा ओतत म्हणाले, “एक भाग दुसऱ्या टप्प्यात टाकावा लागंल. कोनता ते तुमीच सांगा, बाई. आमी बोललं तर वाईट दिसतं.” प्लॉट, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तुमचे प्लॉट टाका दुसऱ्या टप्प्यात, तिथं प्यायला कोण आहे? पण ते म्हटलं असतं तर इतक्या महिन्यांची बांधाबांध त्याच क्षणी सुटली असती. पेठ गेली असती, विठाबाईचा हात परत खाली गेला असता. ती म्हणाली, “आमची वस्ती.” वीरण्णानं हात जोडले. “घरचं मागं ठिवून गावाचं बगनारा अध्यक्ष म्या पयल्यांदा बगून राहिलो,” तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला. हे वाक्य तिला अंगाला गरम पाणी लागावं तसं लागलं होतं. बहुमतासाठी केलं, इलाज नव्हता, हे तर खरंच होतं. पण इलाज नसताना माणसाला वाईट वाटतं, आणि तिला त्या घडीला बरं वाटलं होतं. आपल्यातली बाई खुर्चीवर बसली की आपल्यांचंच बघंल, असं जे गावभर कुजबुजत होते त्यांची तोंडं बंद झाली, याचं बरं वाटलं होतं. ती नांदेडला आली, लुंबिनीच्या या घरात सोफ्यावर बसायला शिकली, गुडघे गेले, डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण ते बरं वाटणं आठवलं की आजही तिचे कान तापायचे.

राहिला होता तो वस्तीचा होकार. तोही तिनं तसाच मिळवला, जसा सगळ्यांचा मिळवला होता. विहिरीच्या वाटेवर ती आता जात नव्हती. नगरपरिषदेचा टँकर तिच्या दारातला ड्रम भरून जायचा. नको म्हणून तिनं दोनचारदा सांगितलं, मग सांगायचं सोडून दिलं. पौर्णिमेला संध्याकाळी विहारात सगळे जमले. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, उदबत्तीचा वास, भिंतीला टेकलेली म्हातारी माणसं. महामायेनं वंदना सांगितली, त्रिशरण, पंचशील, सगळी वस्ती तिच्यामागून म्हणत गेली. वंदना संपली आणि कुणी उठायच्या आत सुमनबाई पुढं झाली. बुद्धाच्या मूर्तीशेजारी उभी राहिली. “आपन गावाच्या मागं लई वर्सं ऱ्हायलो,” ती म्हणाली. “आज गावाला आपल्या हातून द्यायचा वख्त आलाय. आदी गावाला देऊ, मागून आपन घेऊ. दुसऱ्या टप्प्यात पयलं नाव आपलं, हा माजा शब्द.” तिथं कोण नाही म्हणणार होतं? विहारात, वंदनेनंतर, तिथं माणसाच्या तोंडात एकच उत्तर तयार असतं. कुणीतरी म्हणालं, साधू, म्हणजे उत्तम, कबूल. मग सगळी वस्ती एका आवाजात म्हणाली, साधू, साधू, साधू. मेणबत्त्या हलल्या. आणि दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ, महामाया उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. ती सुमनबाईकडं बघत होती. सुमनबाईनं ते बघितलं, अगदी स्वच्छ बघितलं, आणि नजर वळवून मूर्तीपुढची फुलं सारखी करायला लागली. परत वळून बघितलं तेव्हा दारात महामाया नव्हती, बाहेर ठेवलेली तिची घागरही नव्हती.

ठराव एकमतानं मंजूर झाला. अमृतरावांनी शाल घातली, पेपरात फोटो आला, वर्षा-दोन वर्षांत गावाला पाणी आलं. विठाबाई पहिल्या दिवशी नळाखाली हात धरून नुसती उभी राहिली होती म्हणे, भरायचं विसरून. ते खोटं नव्हतं. त्या पाण्याचं पुण्य कुणी नाकारणार नाही. प्लॉटांवरही पाणी गेलं आणि पाण्यामागून तिथं घरं उभी राहिली. दुसऱ्या टप्प्याचे पाइप वस्तीत येऊन पडले, विहाराच्या भिंतीला लागून. मोठे निळे पाइप. पोरं एका तोंडानं शिरायची, दुसऱ्या तोंडानं निघायची, आत तोंड घालून हाका मारायची. पुढं त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मग साथ आली, सुमनबाईची मुदत संपली, निवडणूक लागेचना, प्रशासक बसला, आणि एक दिवस ट्रॅक्टर येऊन ते पाइप भरून घेऊन गेला; कुठंतरी लाइन फुटली होती, तात्पुरते पाहिजे होते. महामायेचं घर सुमनबाईच्या घराच्या भिंतीला भिंत लावून. त्या सगळ्या वर्षांत महामायेनं तिच्या दारातल्या ड्रमात एकदाही तांब्या बुडवला नाही. भांडण नव्हतं. कालवण केलं की वाटीभर द्यायची, लुंबिनीचं लेकरू जोजवायची. फक्त तांब्या बुडवला नाही.

“आक्का, पिशवी बांधती का?” महामाया दारात उभी होती. “मला खाली वाकता येईना.” सुमनबाईनं तिची पिशवी बांधायला घेतली. गोळ्या, लुंबिनीनं दिलेली साडी, शेकायची रबरी पिशवी. आता विचारावं. तोंड उघडलं आणि दुसरंच आलं, “गावात काय चाल्लंय?”

“चाल्लंय की. निवडणूक झाली न्हवं, नवा अध्यक्ष आला. गेल्या पुनवंला आलता इहारात.”

“कशाला?”

“त्येच. वस्तीच्या कडंच्या जागंवर कचऱ्याचं कायतरी करायचंय म्हनं. वंदना झाली की उभा ऱ्हायला. आता समदेच तिथं येत्यात, आक्का. इलेक्शनवाला येतो, बँकवाला बी येतो. तुज्यापासून रीतच पडली. आपली मानसं इहारात न्हाई म्हनत न्हाईत, हे गावाला कळलंय.”

सुमनबाईच्या हातातली गाठ सुटली. ती परत बांधत म्हणाली, “मंग तू काय म्हनलीस?”

“मी कुटं आसते तिथं?” महामाया म्हणाली. “धम्मदीपची सून सांगती आता वंदना. बरं सांगती. पोरीचा आवाज जरा बारीक हाय.”

“तू न्हाई सांगत?”

“लई दिवस झाले की,” एवढंच म्हणून ती स्वयंपाकघराकडं वळली आणि भरलेल्या पेल्यांतून एक उचलून घटाघटा प्यायली. मग एक बाटली भरून घेतली, नळाची नव्हे, हंड्यातल्या पाण्याची. सुमनबाईचं गावी जाणंयेणं कमी होऊन बरीच वर्षं झाली होती. ती जायची ती जयंतीला, मिरवणुकीच्या गोंगाटात. महामाया वंदना सांगत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कुणाला वाटलंही नसेल. तिला त्या आवाजाची आठवण आली. नळ आला नाही हे वस्तीनं सोसलं असतं, पण हा आवाज गेला हे कशात मोजायचं?

बसस्टँडावर गर्दी होती. रिक्षातून उतरून दोघी एका बाकावर बसल्या, पिशवी मधे. समोरून एक माणूस बाटल्यांची टोपली खांद्यावर घेऊन ओरडत गेला. “पानी इकून राहिलाय बग,” महामाया म्हणाली आणि आपली बाटली पिशवीत आत सरकवली. गाड्या लागत होत्या, निघत होत्या. प्रत्येक गाडीला महामाया विचारत होती, “आक्का, ही कोनती?” आणि सुमनबाई पाटी वाचत होती. ही देगलूर. ही किनवट. ही लातूर. मोडक्या लाउडस्पीकरमधून कुणीतरी उदगीर म्हणाल्यासारखं वाटलं, आणि सुमनबाईला कळलं की आता थांबलं तर हे कायमचं राहील.

“माया, एक इचारू?”

“इचार की.”

“त्या पुनवंला इहारात समद्यांनी साधू म्हनलं. तू न्हाई म्हनलीस.”

महामायेला मान वळवता येत नव्हती. ती सगळीच्या सगळी, कमरेपासून, बाकावर वळली आणि सुमनबाईकडं बघायला लागली.

“तुला दिसलं व्हतं?”

“दिसलं व्हतं.”

महामायेनं मधली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “नुकतंच पंचशील म्हनलं व्हतं, आक्का. चौथं काय हाय, खोटं बोलनार न्हाई. म्याच सांगितलं व्हतं समद्यांना. लगेच त्याच तोंडानं साधू कसं म्हनू? मला कबूल नव्हतं.” तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “पर म्या इतकी वर्सं एकच धरून बसले व्हते. आक्काला दिसलं न्हाई. लांब व्हती, मेनबत्त्या व्हत्या, गर्दी व्हती, दिसलं न्हाई. दिसलं आसतं तर थांबली आसती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आली आसती, म्हनली आसती, माया, काय झालं? कुनी तुला नाव ठिवलं तर म्या हेच सांगायची, तिला म्हाईत नव्हतं.”

सुमनबाईनं जे काही सांगायचं ठरवून ठेवलं होतं, बहुमत, अमृतराव, वीरण्णाचे जोडलेले हात, अंगाला लागलेली ती गोडी, ते सगळं आता सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. ती शिवी मागायला आली होती. महामायेच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जपून ठेवलेलं काहीतरी उघडून बघावं आणि आत काहीच नसावं, तशी ती समोर बघत होती.

“ही कोनती गं?” महामाया म्हणाली.

सुमनबाईनं बघितलं. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसत होती. तिनं डोळे पुसले, एकेक अक्षर लावलं. “उदगीर,” ती म्हणाली.

“चल मंग.”

तिनं महामायेला पायरीवर चढवलं, पिशवी आत दिली. खिडकीची जागा मिळाली. महामायेनं खिडकीतून हात बाहेर काढला, सुमनबाईच्या डोक्यावरचा घसरलेला पदर सारखा केला आणि म्हणाली, “उन्हात थांबू नको. जा.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. नेहमीसारखाच असेल, गाडी निघेपर्यंत, पुढच्या फोनवर, पुढच्या जयंतीला. गाडी मागं हटली, वळली. मानेच्या पट्ट्यामुळं महामाया सरळ पुढंच बघत होती.

संध्याकाळी लुंबिनी आली तेव्हा भांडी तशीच भरलेली होती. “अगं आई, ओतायचं ना. स्वयंपाक कशात करू?” “करते रिकामी,” सुमनबाई म्हणाली. ती स्टूल घेऊन बसली आणि एकेक भांडं घ्यायला लागली. एका पातेल्यात डाळ शिजवली, एका पाण्यात तांदूळ धुतले, ते पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घातलं, परातीतल्या पाण्यानं फरशी पुसून घेतली. तरी पाणी उरलंच. लुंबिनी एकदा नळाकडं गेली तर तिनं हात आडवा केला आणि पुढं वाटी केली. लुंबिनीनं विचारलं नाही. दिवसभर उभी राहून तिचे पाय दुखत होते.

दिवे लागल्यावर लुंबिनीनं रोजच्यासारखी फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि दोघी वंदनेला बसल्या. लुंबिनी भरभर म्हणते, दवाखान्यातल्या सवयीनं. सुमनबाई तिच्यामागून म्हणत होती. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं, पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला लुंबिनीचा आवाज एकटाच पुढं गेला. तिच्या ते ध्यानात आलं नाही. वंदना संपली. “साधू, साधू, साधू,” लुंबिनी म्हणाली, आणि मागून येणाऱ्या आवाजासाठी थोडी थांबली. खोलीत कुणी बोललं नाही. आत, ओट्यावर, उरलेल्या वाट्यांतल्या पाण्यावर मेणबत्तीचा उजेड एवढासा हलत होता.

“आई, डोळा लागला का?”

“न्हाई,” सुमनबाई म्हणाली. “तू म्हन. मी ऐकून राहिले.”